दरडीची यादी पुरेशी नाही

रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीत असलेल्या इर्शाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली. ठाकूर आदिवासींच्या या वाडीत 48 कुटुंबे राहत होती. 27 मृतदेह सापडले, 57 जण बेपत्ता राहिले. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असे नंतर विधानसभेत सांगण्यात आले.

मग तालुक्याची जोखीम मोजायची कशी?

वैद्यकशास्त्रातील एक साधे उदाहरण इथे उपयोगी पडते. क्षयाचा जंतू हवेत असला म्हणजे प्रत्येकाला क्षय होतो असे नाही. जंतू किती, संपर्क किती आणि शरीराची प्रतिकारशक्ती किती, या तिन्हींवर आजार ठरतो. आपत्तीचेही तसेच आहे. डोंगराचा उतार, माती आणि पाऊस हा झाला धोका. त्याच्या वाटेत किती माणसे, कोणत्या वेळी आहेत, हा झाला संपर्क. इर्शाळवाडीत दरड रात्री आली, म्हणून बहुतेक माणसे घरात होती. आश्रमशाळेत राहणारी काही मुले मात्र त्यामुळेच वाचली. तिसरी गोष्ट म्हणजे माणसांचे दुबळेपण: वय, आजार, अपंगत्व, गरिबी.

यात चौथी गोष्ट जोडावी लागते, ती म्हणजे मदत पोहोचायला लागणारा वेळ. इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता. भर पावसात निसरडी चढण पायी चढूनच जावे लागत होते. बचावकार्यासाठी वर निघालेल्या अग्निशमन दलाच्या एका कर्मचाऱ्याचा वाटेतच मृत्यू झाला. ढिगाऱ्याखालच्या माणसासाठी सुरुवातीचे काही तास सर्वांत मोलाचे असतात. म्हणून ज्या वस्तीपासून डांबरी रस्ता तासभर दूर आहे, तिची जोखीम रस्त्यालगतच्या वस्तीपेक्षा जास्त धरायला हवी, डोंगर तोच असला तरी.

आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 नुसार प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असतो. पण जिल्ह्याच्या नकाशावर वाडी म्हणजे एक ठिपका असतो. त्या ठिपक्यातल्या माणसांची माहिती गावातच असते. कोणाचे दिवस भरत आले आहेत, कोणाला इन्सुलिन लागते, कोण अंथरुणाला खिळले आहे, डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा शहरात कोण जाते, हे आशाताईंना आणि अंगणवाडी सेविकेला ठाऊक असते. ही यादी पावसाळ्यापूर्वी ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तहसील कार्यालय या तिन्ही ठिकाणी असली, तर कोणाला आधी हलवायचे यावर ऐनवेळी चर्चा करत बसावे लागत नाही.

पाणी ओसरल्यावरही जोखीम संपत नाही. पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. पायाला जखम असताना अशा पाण्यातून चालावे लागले असेल, तर लगेच आरोग्य केंद्रात जाऊन प्रतिबंधक औषधाबद्दल विचारावे. बिळांत पाणी शिरल्याने साप घरात येतात. सर्पदंशावरचे प्रतिविष जवळ कुठे मिळते, हे आधीच माहीत हवे. विहिरीच्या पाण्यात टीसीएल टाकल्याशिवाय ते पिऊ नये.

डोंगरही काही वेळा आधी खुणा देतो. उतारावर नव्या भेगा, कलू लागलेली झाडे किंवा विजेचे खांब, अचानक अडकू लागलेली दारे, एकाएकी गढूळ झालेला किंवा आटलेला झरा, यांपैकी काही दिसले तर पंचनाम्याची वाट पाहू नये. तलाठी आणि सरपंचांना कळवून त्याच दिवशी सुरक्षित जागी जावे. औषधे, रेशनकार्ड, आधारकार्ड आणि विजेरी एका पिशवीत तयार ठेवावी.

पुढच्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारून पाहावा: आज रात्री वाडी रिकामी करायची वेळ आली, तर ज्यांना चालता येत नाही त्यांना कोण उचलणार? या प्रश्नाला नावानिशी उत्तर मिळाले, तर गावाने जोखीम खरोखर मोजली आहे असे समजावे.