डोळ्यांची तपासणी : तक्त्यापासून पडद्यापर्यंत

डोळ्यांच्या तपासणीला ठरलेला क्रम असतो. आधी तक्रार ऐकायची, मग दृष्टी मोजायची, त्यानंतर बाहुल्या, डोळ्यांची हालचाल आणि डोळ्याचा पुढचा भाग पाहायचा आणि शेवटी आतला पडदा. चष्म्याचा नंबर काढणे हा त्यातला एक टप्पा. नंबर काढला म्हणजे डोळे तपासून झाले, हा समज म्हणूनच अपुरा आहे.

तक्रार ऐकतानाच निदानाची दिशा मिळते. वर्षभर हळूहळू धुरकट होत गेलेली नजर बहुधा मोतीबिंदूकडे बोट दाखवते. एका डोळ्याने अचानक, काहीही न दुखता दिसेनासे झाले, तर पडद्याची रक्तवाहिनी बंद पडली आहे किंवा पडदा सुटला आहे, अशी शंका येते. लाल डोळ्यात तीव्र वेदना असतील आणि नजरही कमी झाली असेल, तर ते साधे डोळे येणे नव्हे. मधुमेह, रक्तदाब, घरात कोणाला काचबिंदू आहे का, स्टेरॉइडचे थेंब चालू आहेत का, हे प्रश्नही त्याच वेळी विचारले जातात.

त्यानंतर दृष्टी मोजतात. प्रखर प्रकाश किंवा औषधाचे थेंब यांमुळे नजर काही काळ बदलते, म्हणून हे मोजमाप त्याआधी उरकावे लागते. याला मोठा अपवाद एकच. डोळ्यात चुना, ॲसिड किंवा दुसरे रसायन गेले असेल, तर सगळे बाजूला ठेवून आधी भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवायचा. तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटून लहान मुलांच्या डोळ्यांना होणाऱ्या इजेत धुण्यातली काही मिनिटांची दिरंगाईही महागात पडते.

मोजमापासाठी वापरला जाणारा तक्ता नेदरलँड्समधील युट्रेख्टचे डॉक्टर हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तयार केला. रुग्णाला तक्त्यापासून ६ मीटरवर बसवतात. इतक्या अंतरावरून येणारे किरण जवळजवळ समांतर असतात आणि निरोगी डोळ्याला नजर जुळवण्यासाठी ताण द्यावा लागत नाही. खोली लहान असेल, तर आरशाच्या साहाय्याने हे अंतर साधतात. प्रत्येक डोळा वेगळा तपासतात आणि दूरचा चष्मा असेल तर तो लावूनही वाचायला सांगतात. ‘६/१८’ याचा अर्थ असा की, निरोगी डोळ्याला जे अक्षर १८ मीटरवरून वाचता येते, ते या रुग्णाला ६ मीटरवरूनच वाचता आले. ६/६ च्या ओळीतले अक्षर सुमारे ९ मिलिमीटर उंचीचे, तर ६/६० चे त्याच्या दहापट असते. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी चारही दिशांना तोंड केलेल्या ‘ई’ आकृत्यांचा तक्ता असतो. तोंड कुठे आहे, ते बोटांनी दाखवायचे. सर्वांत मोठे अक्षरही दिसले नाही, तर बोटे मोजता येतात का, हाताची हालचाल कळते का आणि तेही नाही तर उजेड तरी जाणवतो का, हे पाहतात.

नजर कमी भरली की बारीक छिद्राची चकती डोळ्यापुढे धरतात. छिद्रातून अक्षरे स्पष्ट झाली, तर दोष बहुधा नंबराचा असतो. तरीही फरक पडला नाही, तर कारण दुसरीकडे शोधावे लागते. चाळिशीनंतर जवळचे वाचनही स्वतंत्रपणे तपासतात.

मग बाहुल्यांची पाळी. खोलीतला उजेड मंद करून रुग्णाला दूर पाहायला सांगतात आणि उजव्या डोळ्यावर बॅटरीचा झोत टाकतात. दोन्ही बाहुल्या एकदम आकसतात. झोत चटकन डाव्या डोळ्यावर नेला, तरी त्या आकसलेल्याच राहायला हव्यात. त्याऐवजी डावी बाहुली मोठी होऊ लागली, तर डाव्या दृष्टिचेतेला किंवा पडद्याच्या मोठ्या भागाला इजा झालेली असते. नुसत्या मोतीबिंदूने असे होत नाही. कोणतेही महागडे यंत्र न वापरता, अर्ध्या मिनिटात मिळणारी ही माहिती फार मोलाची आहे. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर ही चाचणी करता येत नाही, म्हणून ती आधीच करायची.

डोके न हलवता डॉक्टरांच्या बोटामागे नजर फिरवायला लावली की डोळ्याचे सहाही स्नायू नीट काम करतात का ते कळते. एक डोळा झाकताच दुसरा जागचा हलून नजर लावत असेल, तर तिरळेपणा आहे. समोरासमोर बसून, एक डोळा झाकून, चारही कोपऱ्यांत दाखवलेली बोटे ओळखायला लावणे ही दृष्टिक्षेत्राची ढोबळ चाचणी.

पापण्या, बुबुळ आणि डोळ्यातले भिंग स्लिट लॅम्प या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. प्रकाशाची अरुंद फट डोळ्यावर टाकली की पारदर्शक थरांचा जणू उभा छेदच दिसतो. बुबुळावर ओरखडा असेल, तर फ्लुरोसीन हा रंग घालून निळा प्रकाश टाकताच तो हिरवा चमकतो. याच यंत्रावर डोळ्याचा दाबही मोजता येतो. डोळा बधिर करून एक लहान शंकू बुबुळाला हलकेच टेकवतात. डॉक्टरांना दोन हिरवी अर्धवर्तुळे दिसतात. त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना भिडल्या की आकडा वाचायचा. सर्वसाधारण दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. मात्र दाब या मर्यादेत असूनही काचबिंदू असू शकतो, म्हणून दृष्टिचेता पाहिल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही.

ती पाहण्यासाठी लागणारा ऑफ्थॅल्मोस्कोप जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये जगापुढे मांडला. बाहुली मोठी करण्याआधी डोळ्याचा पुढचा कप्पा उथळ नाही ना, याची खात्री करतात. तो उथळ असेल, तर थेंबांनी दाब एकाएकी वाढण्याचा धोका असतो. थेंबांचा परिणाम काही तास टिकतो, त्या वेळात गाडी चालवू नये. मग दृष्टिचेतेचे तोंड, रक्तवाहिन्या आणि बारीक नजरेचा मध्यबिंदू असे एकामागून एक पाहतात. चेतेच्या तोंडावरची खोलगट वाटी रुंदावलेली असेल, तर काचबिंदूचा संशय येतो. पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके असतील, तर मधुमेहाचा. शरीर न कापता रक्तवाहिन्या आणि चेता थेट डोळ्यांनी पाहता येतील, अशी ही एकमेव जागा आहे.

काचबिंदू आणि मधुमेहाने होणारा पडद्याचा विकार हे दोन्ही सुरुवातीला दुखत नाहीत आणि नजरही बराच काळ शाबूत ठेवतात. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणून चाळिशी ओलांडलेल्यांनी दाब आणि दृष्टिचेता तपासून घ्यावी, मधुमेह असणाऱ्यांनी दरवर्षी पडदा दाखवावा आणि मुलांना शाळेत घालण्यापूर्वी त्यांचे डोळे एकदा तपासावेत. नंबर बदललेला नाही, एवढ्या कारणावरून ही तपासणी पुढे ढकलू नये.