दाभोळचा वायू, बेळगावची शेगडी

टिळकवाडीतल्या आमच्या गल्लीत रस्ता खणायला सुरुवात झाली, तेव्हा सगळ्यांना वाटले की पुन्हा पाण्याची पाइप फुटली. दोन दिवसांनी पिवळ्या रंगाच्या नळीची भेंडोळी येऊन पडली आणि कळले की हे गॅसचे काम आहे. यथावकाश स्वयंपाकघराच्या भिंतीला भोक पडले, मीटर बसला, तोटी आली. सासूबाई जपमाळ हातात घेऊन हे सारे बघत होत्या. माणसे गेल्यावर त्यांनी विचारले, "अगं, पण हा गॅस येतो कुठून?"

"दाभोळहून," मी म्हणाले.

"दाभोळ? ते एन्रॉनवाले?"

सासूबाईंची स्मरणशक्ती चांगली आहे. आमच्या जाऊबाई बैलहोंगलच्या. घरात सिलिंडर संपला की त्यांची हाक अजूनही "गॅस खाली आत्रि" अशीच येते. त्यांनाही एन्रॉन आठवत होते, पण ते सगळे केव्हाच बुडाले असा त्यांचा समज होता. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. तेव्हा उत्तर देणे भागच होते. ते देता देता मलाच जाणवले की आपल्या शेगडीखालची ही नळी किती लांबवर जाते आणि वाटेत किती सीमा ओलांडते.

एन्रॉनची कथा थोडक्यात अशी. अमेरिकेच्या या कंपनीने १९९२ साली महाराष्ट्राशी प्राथमिक करार केला. गुहागर तालुक्यात अंजनवेलच्या किनाऱ्यावर वीज प्रकल्प उभा राहिला. त्याचा पहिला टप्पा १९९९ साली सुरू झाला, तोही नाफ्त्यावर. ओमान आणि अबू धाबीहून द्रवरूप वायू आणायचा, हा पुढचा बेत होता. पण वीज इतकी महाग पडली की मंडळाला ती घेणे झेपेना. २००१ च्या मे महिन्यात प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. २००५ साली एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांनी मिळून हा प्रकल्प हाती घेतला. अर्धवट राहिलेला वायूचा धक्का पुरा होऊन तिथे पहिले जहाज लागले ते २०१३ च्या जानेवारीत. त्याच सुमारास दाभोळ ते बंगळूर ही सुमारे हजार किलोमीटरची वाहिनी सुरू झाली. ती सह्याद्री ओलांडून बेळगाव, धारवाड करत पुढे जाते. महाराष्ट्राचे हात पोळणाऱ्या त्या जागेतून कर्नाटकाची चूल पेटू लागली.

आता हा वायू जहाजातून येतो म्हणजे काय? नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की त्याचे पाण्यासारखे द्रव होते आणि सहाशे घागरींचा ऐवज एका घागरीत मावतो. थर्मासच्या बाटलीसारख्या टाक्या असलेल्या जहाजांतून तो आणतात, किनाऱ्यावर पुन्हा ऊब देऊन वायू करतात आणि नळीत सोडतात. त्याला स्वतःचा वास नसतो; गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास मिसळतात. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. हा हवेपेक्षा हलका, वर जातो. म्हणून स्वयंपाकघराची वरची झडप किंवा खिडकी बुजवू नये. दोन्हींचा दाब आणि उष्णता वेगळी असल्याने शेगडीचे जेटही बदलावे लागतात. जुन्या जेटवर काम भागवू नका, एवढे वैनींना, मावशींना आवर्जून सांगते.

दाभोळच्या धक्क्याची एक गंमत आहे. तिथे लाटा अडवणारा बंधारा पुरा झालेला नसल्याने कितीतरी वर्षे पावसाळ्यात जहाज लागतच नसे. मग आषाढ-श्रावणात ही वाहिनी कोरडी पडायची का? नाही. कारण दहेज, उरण, पनवेल, दाभोळ अशी दुसरी वाहिनी तिला वरून जोडलेली आहे. गुजरातेत दहेजला उतरलेला वायू खाली येतो आणि घाटावर चढतो. एक वाट बंद झाली तर दुसरी हवी, हे ऊर्जेच्या सुरक्षिततेचे पहिले सूत्र आपल्याला पावसाळ्यानेच शिकवले.

दहेजचा वायू प्रामुख्याने कतारचा. १९९९ च्या जुलैमध्ये पेट्रोनेट एलएनजी आणि कतारची रासगॅस यांच्यात वर्षाला ७५ लाख टनांचा दीर्घ मुदतीचा करार झाला आणि २००४ च्या आरंभी पहिले जहाज दहेजला लागले. कतारचा हा वायू ज्या क्षेत्रातून निघतो, त्याची हकीकत आपल्या सीमाभागाच्या माणसाने तर ऐकावीच. समुद्राच्या तळाखाली वायूचा एकच प्रचंड साठा आहे. त्यावरून कतार आणि इराणची सागरी सीमा जाते. अलीकडच्या भागाला कतार नॉर्थ फील्ड म्हणतो, पलीकडच्याला इराण साउथ पार्स म्हणतो. नावे दोन, झरा एक! कतारने परदेशी कंपन्यांना भागीदार करून जगभर वायू विकला. इराण मात्र निर्बंधांमुळे मागे पडला. २००५ साली कतारने नव्या उत्खननाला स्वतःहून थांबा दिला, तो २०१७ पर्यंत. २०२५ च्या जूनमध्ये इस्रायलने साउथ पार्समधल्या इराणी केंद्रावर हल्ला केला, तेव्हा सगळ्या खरेदीदार देशांच्या पोटात गोळा आला. २०२४ साली जगातल्या द्रवरूप वायूच्या व्यापाराचा सुमारे पाचवा हिस्सा होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून गेला होता.

करारांचे दोन प्रकार असतात. एक म्हणजे रतीब. दूधवाल्याशी महिन्याचे ठरले की रोज दोन लिटर घ्यायचेच. गावाला गेलात तरी पैसे द्यायचे. दुसरा म्हणजे सणाच्या दिवशी दुकानातून मिळेल त्या भावाने घेणे. कतारशी आपला रतीब होता. २०१५ साली बाजारात भाव कोसळला आणि रतीबाचे दूध दुकानापेक्षा दुप्पट महाग झाले. पेट्रोनेटने कमी माल उचलला. कराराप्रमाणे सुमारे १२,००० कोटी रुपयांचा दंड भरावा लागणार होता. कतारने काय केले? डिसेंबर २०१५ मध्ये दराचे सूत्र बदलून दिले आणि न उचललेला माल पुढच्या वर्षांत घेण्याच्या अटीवर दंडही सोडला. हे औदार्य नव्हते. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेचा नवा माल बाजारात येत होता, गिऱ्हाईक टिकवणे भाग होते. तरी दोन्ही बाजूंनी कोर्टात न जाता बसून बोलणे केले, हे खरे. फेब्रुवारी २०२४ मध्ये हाच करार २०४८ पर्यंत वाढवला गेला, तोही आपल्या शेजारी, गोव्यात भरलेल्या ऊर्जा परिषदेत.

रशियाच्या गॅझप्रॉमशी गेलचा करार होता, त्याचे मात्र असे झाले नाही. युक्रेनचे युद्ध पेटले, करार ज्या जर्मन उपकंपनीकडे होता तिचा ताबा जर्मन सरकारने घेतला आणि २०२२ च्या मध्यापासून भारताकडे येणारी जहाजे थांबली. युरोपला रशियाचा नळ बंद झाला होता, त्यामुळे तो देईल तो भाव देऊन जगभरचा वायू ओढून घेत होता. त्या वर्षी जुलैमध्ये पाकिस्तानने दहा जहाजांसाठी निविदा काढली, एकाही विक्रेत्याने बोली लावली नाही. बांगलादेशने बाजारभावाची खरेदीच थांबवली. गेलने लंडनमध्ये लवाद मागितला, मागणी १८० कोटी डॉलरहून अधिक होती. जानेवारी २०२५ मध्ये साडेअठ्ठावीस कोटी डॉलरवर समेट झाला. भांडवल असलेल्या कंपनीची ही गत, तर गरीब देशाने कुणाकडे दाद मागायची?

युरोपने मात्र घरात एकी केली. जुलै २०२२ मध्ये सदस्य देशांनी वायूचा वापर १५ टक्के कमी करायचे ठरवले, नोव्हेंबरच्या आत साठवणाच्या टाक्या ८० टक्के भरायचे बंधन घातले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रशियाने बल्गेरियाचा वायू तोडला होता. ऑक्टोबरात शेजारच्या ग्रीसमधून येणारी १८२ किलोमीटरची नवी वाहिनी सुरू झाली. ती बरीच वर्षे कागदावर रखडली होती. गरज पडली की शेजारी आठवतो!

आपल्या बाजूला शेजाऱ्यांशी जुळवण्याचे किस्से संमिश्र आहेत. इराण-पाकिस्तान-भारत वाहिनी दोन दशके चर्चेत राहून विरून गेली. तुर्कमेनिस्तानहून अफगाणिस्तानमार्गे येणाऱ्या वाहिनीचा करार २०१० साली झाला, भूमिपूजन २०१५ साली झाले. आमच्या पिढीने त्यावर परीक्षेत टिपा लिहून घेतल्या, वायू काही आला नाही. उलट नेपाळची ६९ किलोमीटरची मोतिहारी-अमलेखगंज इंधनवाहिनी २०१९ साली आणि बांगलादेशची सिलिगुडी-पार्बतीपूर वाहिनी २०२३ साली गाजावाजा न होता सुरू झाली. छोटे काम, ओळखीचे शेजारी.

एका गोष्टीचे मला विशेष वाटते. ऑक्टोबर २०१७ मध्ये भारत आणि जपानने द्रवरूप वायूच्या बाजाराबद्दल सहकार्याचा करार केला. जुन्या करारांत अट असे की माल ठरलेल्या बंदरातच उतरवायचा, दुसऱ्याला विकायचा नाही; रेल्वेच्या दुसऱ्याच्या नावावर न होणाऱ्या तिकिटासारखे. ही अट सैल करून घेण्यासाठी दोघा मोठ्या खरेदीदारांनी एक सूर लावला. माझे माहेर निपाणीचे. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक महामार्गावर बसले होते, ते आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मोजके व्यापारी भाव पाडतात तेव्हा विकणाऱ्यांनी एकत्र येणे म्हणजे काय, हे निपाणीला सांगायला नको. इथे फक्त बाजू उलटी आहे: विकणारे मोजके, घेणाऱ्यांनी एकत्र यायचे.

आता घराकडे येऊ. नणंदबाई कोल्हापूरला असतात. त्यांच्या घरीही नळीचा गॅस आहे. तिथे वितरण एचपी-ऑइल गॅसकडे, आमच्याकडे मेघा कंपनीकडे. बिले शेजारी ठेवून पाहिली की दर जुळत नाहीत. जीएसटी २०१७ साली आला, पण नैसर्गिक वायू त्याच्या बाहेर राहिला, म्हणून प्रत्येक राज्याचा कर निराळा. महाराष्ट्राने एप्रिल २०२२ पासून हा कर साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला. डिझेलसाठी कोगनोळी नाक्याच्या अलीकडे टाकी भरणारे आपण; सीमेवर दर वेगळे असतात याची सवय आपल्याला आहे. पण शेगडीवरची ज्योत एका दुधगंगेच्या दोन काठांवर वेगवेगळ्या भावाची असावी, हे मला पटत नाही. दुधगंगेचा प्रकल्प दोन्ही राज्यांनी मिळून बांधला, पाणी वाटून घेतले. वायूच्या कराला एवढे समंजसपण का परवडू नये?

डिसेंबर २०२२ आठवतो. हिरेबागेवाडीच्या नाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, दोन्हीकडच्या एसटी बसेस थांबल्या. कोल्हापूरला नणंदबाईंच्या घरी साखरपुडा होता, आम्ही चार माणसे निपाणीपर्यंत जाऊन परत आलो. त्या दिवसांत वाहिनीची झडप कुणी फिरवल्याचे ऐकिवात नाही. तिचे नियमन केंद्राचे, २००६ च्या कायद्याने. आणि खरे सांगायचे तर, ती जमिनीखाली असल्याने कुणाच्या लक्षातच नव्हती.

साठ्याबाबत मात्र मन निश्चिंत होत नाही. कच्च्या तेलासाठी मंगळूर, पादूर आणि विशाखापट्टणमला खडकात भुयारे खोदून सुमारे ५३ लाख टनांची सोय केली आहे. त्यांतली दोन कर्नाटकातच. नैसर्गिक वायूसाठी युरोपसारखी हिवाळ्यापुरती कोठारे आपल्याकडे उभी राहिली नाहीत. जहाज, नळी, शेगडी, अशी ही हातातोंडाची गाठ आहे.

हे सगळे मी सासूबाईंना दोन संध्याकाळी समजावून सांगितले, जाऊबाई मधूनमधून कन्नडमध्ये भर घालत होत्या. सासूबाईंनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "म्हणजे कतारवाल्याचे आणि इराणवाल्याचे भांडण झाले की माझी भाकरी अडायची." मी म्हटले, दुसऱ्या वाटाही आहेत. त्यावर त्यांनी मान हलवली आणि जाऊबाईंना सांगितले की दिवाळीच्या चकल्या तळून होईपर्यंत सिलिंडर परत करायचा नाही, आणि परसातला तांब्याचा बंब भंगारवाल्याला तर अजिबात द्यायचा नाही. जेट बदलणारा मुलगा गुरुवारी येतो म्हणाला आहे.