एका दारावर दोन द्वारपाल

घराचें कुलूप बिघडलें म्हणून कोणी घर पाडीत नाहीं. परंतु संगणकयंत्राच्या बाबतींत पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ नेमकें घर पाडण्यास तयार होतात, असें आमच्या अनुभवास आलें आहे. यंत्र सुरू होईना कीं, 'आंतलें सगळें पुसा आणि नव्यानें भरा' असा सल्ला मिळतो, व तो निमूटपणें मानला जातो. आम्ही स्वतः त्या सल्ल्याच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन परत आलों. ती हकीगत, आणि तिच्यांतून आम्हांस जें थोडेंबहुत शास्त्र कळलें तें, वाचकांपुढें ठेवावें असा हेतु आहे. आम्ही या विषयांतले पंडित नव्हे; उभा जन्म शाळेंत शब्दरूपें आणि संधि शिकविण्यांत गेला. तथापि जें आम्हांस साठी उलटल्यावर उमगलें, तें इतरांस उमगण्यास हरकत नसावी.

आमचें पाली हें गांव राजगडाच्या पायथ्याशीं आहे. पाबे येथें उतरून कानंद नदी ओलांडली कीं इकडे येतां येतें, आणि गडाचा पाली दरवाजा याच गांवाच्या नांवानें ओळखला जातो. शाळेंतून निवृत्त झाल्यावर आम्हीं आसपासच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या उतरून घेण्याचा नाद लावून घेतला. हेंच काम पुण्याचे गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनीं फार मोठ्या प्रमाणावर केलें, व त्यांच्या प्रयत्नांनीं एक लक्षाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या, हें पुष्कळांस ठाऊक असेल. त्यापुढें आमचा संग्रह म्हणजे मूठभर दाणे. तरी त्यांत आमच्या एका वृद्ध शेजारणीच्या, चार वह्या भरतील इतक्या ओव्या होत्या. २०२० च्या चैत्रांत ती बाई वारली. मूळच्या वह्या आधींच्या पावसाळ्यांत गळक्या कौलांखालीं भिजून गेल्या होत्या. म्हणजे त्या ओव्या आतां एका यंत्रांत तेवढ्या उरल्या होत्या.

तें यंत्र म्हणजे पुण्यास असणाऱ्या आमच्या पुतण्यानें दिलेला मेजावरचा संगणक. त्यांत लिनक्स ही प्रणाली आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडांतील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं हिचा गाभा रचून सर्वांस खुला केला. त्या गाभ्याभोंवतीं निरनिराळ्या मंडळींनीं आपापले संच बांधले. त्यांपैकीं डेबियन हा संच १९९३ पासून चालत आलेला आहे. भारत सरकारच्या सी-डॅक संस्थेनें 'बॉस' नांवाची जी भारतीय प्रणाली काढली, तिचाही पाया डेबियनच. आमच्या यंत्रांतही डेबियनच आहे. या संचांत प्रत्येक उपयुक्त वस्तु 'पॅकेज' म्हणून येते, आणि प्रत्येक पॅकेजावर लिहिलेलें असतें कीं, मला अमुक पॅकेज सोबत लागतें व तमुक पॅकेजाशीं माझा विरोध आहे.

आतां यंत्र सुरू होतें म्हणजे काय होतें तें पाहूं. वीज लागतांच यंत्रास स्वतःच्या डिस्कवर काय आहे याचें ज्ञान नसतें. प्रणाली स्मृतींत आणून ठेवणारा कोणीतरी लागतो. आणि त्या आणणाऱ्यास तरी कोण आणणार? आपल्याच बुटांचे बंद ओढून स्वतःस वर उचलण्याची जी गंमतीची कल्पना इंग्रजींत आहे, तीवरून या क्रियेस 'बूट' होणें हें नांव पडलें, आणि हें काम करणाऱ्या छोट्या कार्यक्रमास 'बूटलोडर'. आम्ही त्यास द्वारपाल म्हणतों. लिनक्सच्या दारावर बहुधा 'ग्रब' नांवाचा द्वारपाल असतो. एरिक बोलिन यानें १९९५ सालीं त्याचा आरंभ केला, आणि २०१२ मध्यें त्याची दुसरी आवृत्ति पक्की झाली.

या द्वारपालास उभें राहण्याच्या जागा दोन प्रकारच्या आहेत. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत, जीस 'बायोस' म्हणतात, डिस्कच्या अगदीं आरंभीं ५१२ बाइटांचा एक कप्पा असतो व त्यांतही आज्ञांस जागा ४४६ बाइटांचीच. एवढ्याशा जागेंत सगळा ग्रब मावत नाहीं. म्हणून त्याचें मुख तेथें, कंठ लगतच्या मोकळ्या जागेंत, आणि बाकीचें अंग प्रणालीच्या एका फोल्डरांत, अशी व्यवस्था असते. नव्या पद्धतींत, म्हणजे 'यूईएफआय'मध्यें, डिस्कवर एक स्वतंत्र लहान विभाग राखून ठेवलेला असतो व द्वारपाल तेथें एका फाइलीच्या रूपानें नांदतो. पहिल्या पद्धतीच्या पॅकेजाचें नांव 'ग्रब-पीसी', दुसऱ्याचें 'ग्रब-ईएफआय-एएमडी६४'. दोघांमध्यें विरोध लिहिलेला आहे. एक आला कीं दुसऱ्यानें जावें. दोघांची हत्यारें मात्र 'बिन' अशा शेवटाच्या निराळ्या पॅकेजांत असतात, आणि तीं एका घरांत सुखानें राहतात. भांडण हत्यारांचें नसून दारावर कोणी उभें राहावें याचें आहे.

२९ जुलै २०२० रोजीं ग्रबमधील 'बूटहोल' नांवाचें एक गंभीर छिद्र जाहीर झालें, आणि तें बुजविण्यासाठीं जगभर नवीं पॅकेजें निघालीं. घाईच्या त्या दुरुस्तीनें कित्येक ठिकाणीं धड चालणारीं यंत्रेंही अडलीं. आमच्या यंत्रानें नित्याप्रमाणें नवें पॅकेज घेतलें, आणि दुसऱ्या सकाळीं काळ्या पडद्यावर एकच ओळ आली: 'ग्रब-कॅलॉक' हें चिन्ह सांपडत नाहीं. खालीं 'ग्रब रेस्क्यू' एवढीं अक्षरें, आणि पुढें कांहीं नाहीं.

दिवस साथीचे, प्रवास शक्य तों टाळला जाई. आम्हीं शहरांतील एका दुरुस्तीवाल्यास फोन केला. तो म्हणाला, "सर, सगळें पुसावें लागेल. यंत्र पाठवून द्या." आमच्या कुटुंबानें तें ऐकलें व इतकेंच विचारलें, "मग तिच्या ओव्या?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

पुतण्यानें पूर्वीं दिलेला एक पेन ड्राइव्ह होता, ज्यावरून डिस्कला हात न लावतां लिनक्स सुरू होतें. त्यावरून यंत्र उघडलें. एका परिचितानें फोनवर सांगितलें कीं ग्रब-ईएफआय बसवा. आम्हीं आज्ञा दिली. यंत्रानें स्पष्ट बजावलें कीं असें केल्यास ग्रब-पीसी काढून टाकावें लागेल. संमति आहे काय? आम्हीं न वाचल्यासारखें वाचून होकार दिला. जुना द्वारपाल गेला, नव्याचें सामान उलगडूं लागलें, आणि तेवढ्यांत वीज गेली. आतां दारावर कोणीच धड नव्हतें: एक निघून गेलेला, दुसरा अर्धा पोशाख चढविलेला.

पालीस मोबाइलला चांगली रेंज मिळण्यासाठीं घरामागच्या टेकाडावर जावें लागतें. पावसांत छत्री धरून आम्हीं तेथून पुतण्यास सर्व सांगितलें. त्यानें आधीं दुरुस्तीची गोष्टच काढली नाहीं. "काका, पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू होतें ना? मग पहिल्यानें ओव्यांचें फोल्डर दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. तें झाल्याशिवाय मला पुढचें कांहीं विचारूं नका." द्वारपाल पळाला म्हणून घरांतलीं भांडीं जात नाहींत, ही साधी गोष्ट भीतीच्या भरांत आम्ही विसरलों होतों. वीज आल्यावर फोल्डर उघडलें. ओव्या अक्षर न् अक्षर जागच्या जागीं होत्या. त्या उतरून घेतल्या आणि मगच आम्ही जेवलों.

दुसऱ्या दिवशीं त्यानें दोन प्रश्न विचारले. पहिला: "त्या मशिनमध्यें डिस्क किती?" दोन होत्या. जुनी डिस्क कुरकुर करूं लागल्यावर त्यानेंच ती नव्या डिस्कवर जशीच्या तशी उतरविली होती, आणि जुनी पुसून फोटो ठेवण्यास आंत राहूं दिली होती. येथेंच मूळ रोग सांपडला. ग्रब-पीसीच्या नोंदींत द्वारपालाची जागा म्हणून जुन्याच डिस्कचें नांव राहिलें होतें. नव्या आवृत्तीचें मुख त्यानें इमानानें जुन्या डिस्कवर नेऊन बसविलें, अंग मात्र नव्या डिस्कवरच्या फोल्डरांत बदललें. यंत्र सुरू होई नव्या डिस्कवरून. तेथें मुख जुनें, अंग नवें. अंगानें मागितलेलें चिन्ह मुखास ठाऊकच नव्हतें. त्या वर्षीं अनेकांस नडलेली अडचण हीच होती.

दुसरा प्रश्न: "पेन ड्राइव्ह कोणत्या रीतीनें सुरू झाला, जुन्या कीं नव्या?" हें ओळखण्याची खूण सोपी आहे. 'सिस' या फोल्डरांतील 'फर्मवेअर' फोल्डरांत 'ईएफआय' नांवाचें फोल्डर दिसलें तर नवी रीत, न दिसलें तर जुनी. आमच्याकडे तें दिसत होतें. मशिनला दोन्ही रीती येत असल्यामुळें पेन ड्राइव्ह नव्या रीतीनें उठला होता. परंतु आमची डिस्क जुन्या रीतीची, तिजवर ईएफआयचा राखीव विभागच नाहीं. म्हणजे वीज गेली नसती तरी तो नवा द्वारपाल उभा राहणार कोठें?

येथें आम्हांस आमचें व्याकरण आठवलें. दोन नियमांत विरोध आल्यास परवर्ती नियम चालावा, अशी व्यवस्था पाणिनीनें अष्टाध्यायींत सांगितली आहे, असें आम्ही जन्मभर शिकवीत आलों. २०२२ सालीं केंब्रिज येथें ऋषी राजपोपट यांनीं मांडलें कीं 'पर' म्हणजे ग्रंथांत मागाहून येणारा नियम नव्हे, तर शब्दाच्या उजव्या अंगास लागणारा. त्यावर विद्वानांत वाद झाला. तो वाद कसाही मिटो. पॅकेजांच्या विरोधांत 'मागाहून आलेला तोच खरा' हें आम्हीं मानलें आणि फसलों. कोण राहावा हें आगमनाच्या क्रमावरून ठरत नाहीं; यंत्र कोणत्या रीतीनें उठतें यावरून ठरतें.

मग उपाय असा झाला. यंत्राच्या आरंभीच्या मेनूंतून पेन ड्राइव्ह जुन्या रीतीनें सुरू केला, आणि ईएफआय फोल्डर दिसत नाहीं याची खात्री केली. डिस्कवरील प्रणाली जोडून 'च्रूट' या आज्ञेनें तींत प्रवेश केला; म्हणजे काम पेन ड्राइव्हवरून चाललें तरी परिणाम डिस्कवरील प्रणालीवर होतो. 'डीपीकेजी' या भांडारपालास, अर्धवट राहिलेलीं सर्व पॅकेजें पुरीं कर, असें सांगितलें. मग ग्रब-पीसी मागितलें. त्यानें पुन्हां बजावलें कीं ग्रब-ईएफआय जाईल. या वेळीं आम्हीं वाचून, समजून होकार दिला. द्वारपाल कोणत्या डिस्कवर बसवूं, या प्रश्नास जुन्याच डिस्कवर खूण होती. ती काढून नव्या डिस्कवर केली. शेवटीं 'अपडेट-ग्रब' या आज्ञेनें यादी ताजी केली, पेन ड्राइव्ह काढला आणि यंत्र पुन्हां सुरू केलें. ओळखीचा पडदा आला. कुटुंबानें देवापुढें साखर ठेवली.

वाचकांपैकीं कोणावर असा प्रसंग आल्यास हाच क्रम धरावा. आधीं माहिती उतरवून घ्यावी. मग यंत्राची रीत ओळखावी, डिस्क मोजाव्या, अर्धवट पॅकेजें पुरीं करावीं, आणि सर्वांच्या शेवटीं द्वारपाल बदलावा. 'अमुक काढून टाकावें लागेल' अशी सूचना आली कीं थांबून ती दोनदां वाचावी. 'बूट'चा विभाग स्वतंत्र असेल तर तो जुन्या गाभ्यांनीं भरला नाहीं ना, हेंही पाहावें; जागा संपली तरी पॅकेजें अर्ध्यावर अडतात. आणि आवृत्ति बदलण्याचें काम पावसाच्या रात्रीं काढूं नये.

असे प्रसंग पुन्हां येणार नाहींत असें नाहीं. नव्या यंत्रांत 'सिक्युअर बूट' असल्यास ग्रबच्याही आधीं 'शिम' नांवाचा एक लहान पहारेकरी असतो. यंत्र त्याची सही तपासतें, आणि तो ग्रबची तपासतो. ऑगस्ट २०२४ मध्यें विंडोजच्या एका सुधारणेनें जुने शिम अमान्य ठरविले, आणि एकाच यंत्रांत विंडोज व लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्या पुष्कळांचें लिनक्स दाराशींच अडलें. त्यांचीही माहिती आंत सुरक्षितच होती.

आमच्या पाली दरवाज्यासही एकामागून एक दोन प्रवेशद्वारें आहेत. पहिलें बंद दिसलें म्हणून गड बुडाला असें कोणी म्हणत नाहीं. शेजारणीच्या ओव्यांची एक प्रत आतां पुण्यास पुतण्याकडे आहे, दुसरी छापील रूपांत तिच्या नातीच्या हातीं दिली. मूळ फाइल अजून त्याच यंत्रांत आहे. मुलीनें ती प्रत घेतली तेव्हां आधीं आजीचें नांव वाचलें, आणि मग दाराशींच बसून ती पानें चाळूं लागली.