पुसावयाची राहिलेली पाटी

लहानपणी दगडी पाटीवर हिशेब करताना आदल्या गणितातला एखादा हातचा पुसावयाचा राहून जाई, आणि नवे गणित बिनचूक मांडूनही उत्तर चुके. गुरुजींची छडी खाल्ल्याखेरीज तो चुकार एक काही दृष्टीस पडत नसे. जर्मनीतील संगणकतज्ज्ञ माक्स केलरमान यांची हकीकत वाचताना आम्हांला ती पाटी वारंवार आठवली.

एप्रिल २०२१ मध्ये एका ग्राहकाने त्यांच्याकडे तक्रार केली, की संकेतस्थळाच्या भेटींची दाबून ठेवलेली रोजनिशी उलगडत नाही. प्रत्येक रोजनिशीच्या शेवटी आठ बाइटांत तिचा ताळा व लांबी लिहिलेली असते. तो ताळाच चुकला होता. केलरमान यांनी तो हाताने दुरुस्त केला आणि प्रकरण मिटविले. काही महिन्यांनी तेच पुन्हा घडले, मग आणखी एकदा. तेव्हा त्यांनी जुनी दप्तरे उपसली. तीन महिन्यांत ३७ रोजनिश्या बिघडलेल्या निघाल्या, आणि त्यांतील बऱ्याचशा महिन्याच्या अखेरच्या दिवसाच्या! त्या दिवसाचे संगणकास काय वावडे असावे?

ताळ्याच्या जागी प्रत्येक वेळी तेच आठ बाइट सापडत, आणि त्यांचा आरंभ 'पीके' या अक्षरांनी होई. ही झिप पद्धतीचे जनक फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे. ग्राहक महिन्याभराच्या रोजनिश्या मागे, तेव्हा त्या एका झिप गठ्ठ्यात बांधून दिल्या जात व शेवटच्या रोजनिशीपाठोपाठ गठ्ठ्याची अनुक्रमणिका येई. तिचीच ही पहिली अक्षरे. परंतु गठ्ठा बांधणाऱ्या सेवेस रोजनिश्या केवळ वाचण्याची मुभा होती, लिहिण्याची नव्हे. मग लिहिले कोणी?

संशय कार्यप्रणालीच्या गाभ्यावर, लिनक्सच्या कर्नेलवर आला. एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे मजकूर नेण्यासाठी कर्नेलमध्ये 'पाइप' नावाची नळी असते. नळीत कप्पे असतात व तेच पुनःपुन्हा वापरले जातात. 'या पानावर पुढे लिहिण्यास हरकत नाही' अशी खूण कप्प्यावर करता येते. नक्कल करण्याचे श्रम वाचावेत म्हणून फाइलचे स्मृतीतील मूळ पानच कप्प्यात उसने ठेवण्याचीही सोय आहे. अशा वेळी जुनी खूण पुसणे अगत्याचे. तेच राहून गेले होते. त्यामुळे नळीत पुढे टाकलेला मजकूर परक्या पानावर उमटे. गठ्ठा बांधताना ताळ्याचे आठ बाइट गाळले जात, म्हणून अनुक्रमणिका नेमकी त्यांच्यावर येऊन पडे.

सी भाषेत स्मृतीचा तुकडा घेतला, तर तो कोरा करण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची. ही हयगय २०१६ मध्ये कर्नेलमध्ये शिरली होती. ती खूण २०२० च्या ५.८ आवृत्तीत आली, तोवर तिचा उपद्रव नव्हता. त्यानंतर मात्र ज्यास एखादी फाइल नुसती वाचता येई, त्यास तिच्यात मनाजोगते फेरफार करता येऊ लागले. वापरकर्त्यांची यादी बदलून यंत्राचे मालकही होता येई. पानाचा पहिला बाइट तेवढा बदलता येत नसे व फाइलची लांबी वाढविता येत नसे. शिवाय बदल स्मृतीतच राहिल्यास यंत्र पुन्हा सुरू करताच तो नाहीसा होई. म्हणजे चोरीचा माग काढणेही कठीण!

केलरमान यांनी दोन चिमुकले प्रोग्राम लिहिले. एक फाइलमध्ये 'ए' अक्षरे लिहीत राही, दुसरा नळीत 'बी' टाकी. फाइलमध्ये 'बी' दिसताच शंका फिटली. २० फेब्रुवारी २०२२ रोजी त्यांनी कर्नेलच्या मंडळींस कळविले. तीन दिवसांत सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. ७ मार्चला 'डर्टी पाइप' या नावाने सर्व जाहीर झाले. त्यावेळी नवेकोरे असलेले पिक्सेल ६ सारखे फोनही यात सापडले होते. जुने कर्नेल असलेले आमच्यासारख्यांचे जुनाट फोन मात्र, ज्यांवरून मुले आमची थट्टा करीत, सुरक्षित राहिले.

आणि दुरुस्ती केवढी? दोन ठिकाणी एकेक ओळ: खुणेच्या जागी शून्य लिहावे.