शहरातील मालवाटपाचे एकत्रीकरण : भाडे कोण देतो हा प्रश्न

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या टेकड्यांलगत, आंबागड हे लहानसे गाव आहे. देवगडच्या गोंड राजवटीत राजाखान पठाणाने बांधलेल्या किल्ल्यामुळे हे नाव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. प्रस्तुत लेखाचा संबंध मात्र किल्ल्याशी नसून अशा गावातील किराणा दुकानाशी आहे. येथला दुकानदार तालुक्याच्या बाजारपेठेतून माल आणतो तेव्हा साखर एका व्यापाऱ्याकडची, तेल दुसऱ्याकडचे आणि साबण तिसऱ्याकडचा असतो. परंतु तीन व्यापाऱ्यांच्या तीन गाड्या त्याच्या दारी येत नाहीत. सर्व माल एकाच टेम्पोत, पुष्कळदा वाटेवरच्या इतर गावांच्या मालासह, येतो. ही व्यवस्था कोणा तज्ज्ञाने आखलेली नसते. भाडे दुकानदाराला पदरचे द्यावे लागते आणि अर्धी रिकामी गाडी त्याला परवडत नाही, एवढेच तिचे कारण होय.

हीच गोष्ट मोठ्या शहरांत बुद्धिपुरस्सर घडवून आणावी, असा प्रयत्न युरोपात, विशेषतः जर्मनीत, गेली तीसहून अधिक वर्षे होत आला आहे. निरनिराळ्या व्यापाऱ्यांचा किंवा हुंडेकऱ्यांचा माल शहराच्या वेशीवरील एका वखारीत उतरवावयाचा, तेथे तो रस्त्यांप्रमाणे लावावयाचा आणि प्रत्येक रस्त्यावर एकच भरलेली गाडी पाठवावयाची, असे या कल्पनेचे थोडक्यात स्वरूप आहे. कागदावर तिचे आकर्षण निर्विवाद आहे. समजा, एका बाजाररस्त्यावर वीस दुकाने असून पाच वितरक त्या सर्व दुकानांना माल पुरवितात. प्रत्येकाने आपापली गाडी पाठविल्यास त्या रस्त्यावर शंभर वेळा गाडी थांबते. माल एकत्र केल्यास वीस वेळा. अरुंद रस्त्यात वाहतूक तुंबते ती गाडी चालण्याने नव्हे, थांबण्याने. म्हणून शंभर आणि वीस यांतील अंतर हा नगररचनेच्या दृष्टीने फार मोठा लाभ ठरतो.

मग ही कल्पना वारंवार का फसते? पहिले उत्तर खर्चाचे आहे. मध्ये एक वखार आली की एक जादा चढाई-उतराई आली. महाराष्ट्रात 1969 च्या माथाडी कायद्याने हमालांच्या मजुरीस व हक्कांस संरक्षण मिळाले, हे सर्वस्वी न्याय्यच झाले. परंतु हमालाचे श्रम फुकट धरून मांडलेला एकत्रीकरणाचा हिशेब त्यामुळे टिकत नाही, आणि तो टिकूही नये. शिवाय जादा हाताळणीत फूटतूट झाल्यास जबाबदार कोण, हा तंटा उभा राहतो. मासळी व औषधे, सिमेंट व मिठाई एका गाडीत घालता येत नाहीत, हेही उघड आहे. तथापि या अडचणी मोजता येण्याजोग्या आहेत. मोजता येणाऱ्या अडचणींवर उपाय सापडतो. खरी अडचण निराळी आहे, आणि ती जर्मनीतील अनुभवावरून चांगली कळते.

1990 नंतरच्या दशकात फ्रायबुर्ग, कासेल, न्युर्नबर्ग इत्यादी जर्मन शहरांत हुंडेकरी कंपन्यांनी एकत्र येऊन अशा योजना सुरू केल्या. अनेक शहरांनी त्यांचे अनुकरण केले; पण त्यांतील बहुतेक योजना काही वर्षांतच बंद पडल्या. मोठ्या पार्सल कंपन्या आणि साखळी दुकाने यांच्या गाड्या आधीच भरलेल्या असत, त्यामुळे त्यांना या योजनांत येण्याचे प्रयोजन नव्हते. उरलेला माल इतका थोडा की त्याच्या एकत्रीकरणाने शहराच्या एकूण रहदारीत जाणवण्याजोगा फरक पडेना. त्यातच प्रत्येक कंपनीला भय असे की, आपला माल दुसऱ्याच्या माणसाने पोचविला तर गिऱ्हाईक आपल्या हातून जाईल. दुकानाच्या दारात उभा राहणारा माणूस केवळ माल देत नसतो. तो तक्रार ऐकतो, पुढली मागणी घेतो, कंपनीचे नाव राखतो.

बर्लिनमध्ये 2018 साली सुरू झालेल्या एका प्रयोगात याची प्रचीती आली. तेथे पाच प्रतिस्पर्धी पार्सल कंपन्यांनी एका सामायिक जागेतून मालवाहू सायकलींनी वाटप करण्याचे मान्य केले. जागा एक झाली. मात्र प्रत्येक कंपनीची पेटी स्वतंत्र, सायकल स्वतंत्र आणि माणूसही स्वतंत्र राहिला. मोटारींची जागा सायकलींनी घेतली हा लाभ खरा. परंतु एकाच इमारतीच्या दारी पाच फेऱ्या व्हावयाच्या त्या होतच राहिल्या. याला शेजार म्हणता येईल, एकत्रीकरण नव्हे.

उलट त्याच बर्लिनमध्ये 1990 नंतरच्या दशकात पॉट्सडामर प्लाट्झच्या प्रचंड बांधकामाच्या वेळी एकत्रीकरण यशस्वी झाले होते. माती, खडी, सिमेंट आदी अवजड मालाची ने-आण एका मध्यवर्ती व्यवस्थेमार्फत, मुख्यतः रेल्वेने व जलमार्गाने, करण्यात आली. कंत्राटदार अनेक होते, पण बांधकाम करवून घेणाऱ्यांनी ही व्यवस्था सर्वांवर बंधनकारक केली होती. देश तोच, दशक तेच, आणि परिणाम मात्र उलट! दुकानांच्या बाबतीत एकत्रीकरणाचा पुढाकार माल पाठविणाऱ्यांकडे होता, येथे तो माल घेणाऱ्यांकडे होता. प्रस्तुत लेखकाच्या मते सर्व प्रश्नाची किल्ली या भेदात आहे.

हा भेद मनात ठेवून मुंबईकडे पाहिल्यास पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. मुंबईत 2017 पर्यंत जकात होती. ती टाळण्यासाठी कंपन्यांनी महापालिकेच्या हद्दीबाहेर, भिवंडीच्या परिसरात, गोदामांची रांगच्या रांग उभी केली. वेशीवरील वखार म्हणून योजनाकार जी मागतात, ती येथे करचुकवेगिरीच्या नव्हे तर करबचतीच्या प्रेरणेने आपोआप निर्माण झाली. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली, तरी गोदामे राहिलीच. परंतु तेथेही प्रत्येक कंपनीचे गोदाम वेगळे आणि गाडी वेगळी. घाऊक बाजारांचेही तसेच. कांदा-बटाट्याचा बाजार 1981 साली आणि फळे-भाजीपाल्याचा 1996 साली वाशीस गेला. मोठे ट्रक मुंबईच्या पोटातून बाहेर पडले, पण भाजी खाणारे शहरातच राहिले. तेव्हा वाशीहून परत येणाऱ्या छोट्या गाड्यांची गरज उत्पन्न झाली. मोठ्या गाड्यांना दिवसा प्रवेशबंदी केल्यानेही एका ट्रकाचे चार टेम्पो होतात. जागा हलविली किंवा वेळ बदलली म्हणून माल एकत्र येत नाही.

माल खरोखर एकत्र येतो तो मुंबईच्याच डबेवाल्यांकडे. 1890 साली महादू हावजी बच्चे यांनी आरंभिलेल्या या व्यवसायाचा न्यास 1956 साली नोंदला गेला. साथीपूर्वी सुमारे पाच हजार माणसे रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोचवीत. 2020 नंतर ही संख्या पुष्कळ घटली. त्यांच्या अचूकतेची स्तुती एवढी झाली आहे की त्यांच्या अर्थव्यवहाराकडे दुर्लक्ष झाले. दादरच्या एका इमारतीतून दहा डबे निघाले तर ते फोर्टातल्या दहा कचेऱ्यांत जातील. झाकणावरील खुणेवरून स्टेशनात त्यांची पुन्हा वाटणी होते, आणि शेवटच्या टप्प्यावर एका कचेरीचे सर्व डबे एका माणसाच्या हाती येतात. हे शक्य होते, कारण वाहणारा कोणाही स्वयंपाकघराचा नोकर नाही, आणि पैसे देतो तो डबा खाणारा. डब्याची मापे जवळजवळ सारखी आणि पोचण्याची वेळ एकच, ही सोय किराण्याला लाभत नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही मूळ तत्त्व बदलत नाही.

शहरातील दुकानदार माल बहुधा ‘दुकानपोच’ भावाने घेतो. वाहतुकीचा खर्च मालाच्या किमतीत दडलेला असतो. गाड्या पाच आल्या काय आणि एक आली काय, त्याच्या खिशाला ते जाणवत नाही. जाणवते ते रस्त्यावरून चालणाऱ्या शाळकरी मुलाला आणि रुग्णवाहिकेला, ज्यांचा या व्यवहारात कोठेच उल्लेख नाही. आंबागडसारख्या गावातील दुकानदाराला जे सहज सुचते, ते नागपूर किंवा पुण्याच्या दुकानदाराला सुचत नाही, याचे कारण शहाणपणाचा अभाव नव्हे. म्हणून नगरपालिकेने हुंडेकऱ्यांस एकत्र येण्याचा उपदेश करण्यापेक्षा स्वतःची रुग्णालये, शाळा व कचेऱ्या यांचा माल एका ठिकाणी घेण्यास प्रारंभ करणे अधिक फलदायी ठरेल. तेथे माल घेणारी तीच असल्यामुळे आज्ञा देण्याचा अधिकारही तिचाच आहे. छोट्या टेम्पोवाल्यांचे पोट या व्यवहारावर चालते. त्यांना वगळून केलेली योजना अन्याय्य होईल, शिवाय गल्ल्यांची त्यांची माहितीही वाया जाईल.

या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी रस्त्यावर उभे राहून गाड्या मोजण्यापूर्वी बिल्ट्या पाहाव्यात. बिल्टीवर भाडे ‘पेड’ आहे की ‘टू-पे’, म्हणजे पाठविणाऱ्याने भरले की घेणाऱ्याने द्यावयाचे, हे लिहिलेले असते. एखाद्या बाजारपेठेतील शे-दोनशे बिल्ट्यांची या नोंदीप्रमाणे विभागणी करून, दोन्ही प्रकारांत गाडी किती भरून आली हे ताडून पाहिले, तर वरील मताची परीक्षा अल्प खर्चात होऊ शकेल.