यशदा, क्लास आणि सावड

इंदापूर-बारामतीकडे ‘यशदा’ म्हटले की अनेकांना स्पर्धा परीक्षेचा क्लासच आठवतो. तो यशदात चालतो, हे खरेच. पण लोकव्यवस्थापन (सरकारी कारभार चालवण्याची विद्या) शिकवणारी ही राज्याची संस्था मुख्यतः सेवेतल्या अधिकाऱ्यांसाठी आणि निवडून आलेल्या पंचायत सदस्यांसाठी आहे. १९६३ साली ती मुंबईत सुरू झाली, १९८४ मध्ये पुण्यात आली.

अशा संस्थांना जोडणारी जाळीही असतात. आशियात मनिलाची ‘इरोपा’ १९६० पासून आहे, तिच्यात सरकारेही सभासद. आफ्रिकेत ‘ॲम्डिन’ २००५ पासून. जाळे म्हणजे सगळ्यांवरचे मुख्यालय, हा समज मात्र चुकीचा. ही सावड आहे: शेत ज्याचे त्याचे, बैल आळीपाळीने. अभ्यासक्रम, प्रशिक्षक, अनुभव यांची देवाणघेवाण होते. इंदापूरच्या सरपंचाला काय शिकवायचे, हे मनिलात ठरत नाही.