लॅपटॉप घेण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावातील एका गृहस्थांनी मुलीच्या कॉलेजसाठी दुभती म्हैस विकून लॅपटॉप आणला. बोट लावताच चालणारा त्याचा पडदा पाहून सारे घर हरखले. परंतु दिवाळीपूर्वीच यंत्र अडखळू लागले. त्यात साठवण अवघी ६४ जीबी. विंडोज ११ ला किमान तेवढी तर लागतेच. मग मुलीच्या अभ्यासाला जागा उरावी कोठून? शिवाय ती साठवण आत कायमची जडविलेली, बदलता येईना.

म्हणून आम्ही आईबापांस विनवितो, की दुकानी प्रथम पडद्याकडे पाहू नये. रॅम ८ जीबी व साठवण २५६ जीबीची एसएसडी आहे काय, आणि रॅम पुढे वाढविता येते काय, हे विचारावे. स्पर्शाच्या पडद्याला दाम अधिक पडतो व तो फुटल्यास दुरुस्तीही महाग. निबंध तर कळफलकावरच लिहावयाचा. दुकानदार विंडोज १० चे जुने यंत्र स्वस्तात पुढे करील. त्या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हे ध्यानी ठेवावे. लेखनासाठी लिबरऑफिस विनामूल्य मिळते. त्यासाठी निराळे पैसे मोजू नयेत. दुरुस्तीकेंद्र जवळच्या शहरी आहे ना, तेही पाहावे.

म्हैस घेताना आपण रंगविलेल्या शिंगांना भुलत नाही. कास पाहतो, धार काढून पाहतो. म्हैस विकून यंत्र घेतानाही तितकीच पारख करावी.